पॉकेट वॉचच्या झाकणातला शिक्का ओळखता येत नसेल तर या क्रमाने तपासा

दिवाळीच्या साफसफाईत कपाटं रिकामी होतात आणि ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घड्याळांच्या दुकानात पॉकेट वॉच यायला लागतात. कुणाच्या पणजोबांचं, कुणाच्या आत्याच्या सासऱ्यांचं. चालू करून द्या असं फार थोडे म्हणतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "आत काहीतरी छापलंय, पण कंपनी कुठली ते कळत नाही." बाबा दुकानात बसायचे तेव्हा हेच ऐकायचे, आता मी बसते तर मीही तेच ऐकते. मी स्वतः ज्या क्रमाने तपासते तो इथे लिहिते. यातलं निम्म्याहून जास्त काम घरी बसून, पैसा न खर्चता होतं.

आधी लक्षणं

यातली एक किंवा दोन तक्रारी तुमच्याही असतील:

- डायलवर एक नाव, मागच्या झाकणात भलतीच अक्षरं, आणि मशीनवर तिसरंच काही किंवा काहीच नाही.
- झाकणात दोन-तीन अक्षरं आणि बारीक चित्रं: सिंह, जहाजाचा नांगर, अस्वल, पक्षी, चंद्रकोर.
- मोठ्या डौलदार अक्षरांत फ्रेंच शब्द आहेत आणि त्यातलाच एखादा कंपनीचं नाव असावा असं वाटतं.
- झाकणातला नंबर घेऊन शोधलं तर काहीच मिळत नाही, किंवा जे वर्ष मिळतं ते घरच्या आठवणींशी जुळत नाही.
- घड्याळ सोन्याचं म्हणून सांभाळलेलं, पण आत "वीस वर्षं टिकेल" अशा अर्थाचा मजकूर.
- शिक्का नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही.

यातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं कारण एकच आहे. एका पॉकेट वॉचवर चार-पाच वेगवेगळ्या लोकांच्या खुणा असतात. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, एकाने बनवलेली. मशीन दुसऱ्याचं. धातूची शुद्धता तपासणारं कार्यालय तिसरं. डायलवर नाव बहुधा विकणाऱ्याचं. शिवाय मालकाची आणि दुरुस्ती करणाऱ्याची खूण वेगळीच. आपण केसवाल्याची अक्षरं घेऊन घड्याळ बनवणारा शोधत बसतो, मग तो सापडणार कसा? म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ही खूण कुणाची आहे?

सगळ्यात आधी, घासू नका

ही पहिली पायरी फुकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. चिंच-मीठ, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, पॉलिशचं कापड, काहीही लावू नका. शिक्का धातूत डोक्यावरच्या केसाएवढाच खोल असतो. आधीच शंभर वर्षं कुणी ना कुणी तो पुसत आलेलं असतं. आपल्याकडे खाडीचा दमट वारा, त्यामुळे चांदी काळी पडतेच. पण ते काळेपण शिक्क्याच्या खाचेत बसलेलं असतं आणि त्याच्यामुळेच शिक्का वाचता येतो. चरईतल्या एका ताईंनी दुकानात येण्याच्या आदल्या रात्री झाकण आतून-बाहेरून लख्ख करून आणलं होतं. मनापासून केलं होतं त्यांनी. पण ओळीतल्या चार चित्रांपैकी वर्ष सांगणारं अक्षर तेवढं गेलं होतं. उरलेल्या तिघांवरून गाव कळलं, धातू कळला, वर्ष मात्र कायमचं गेलं. पुसला गेलेला शिक्का परत आणायचा कुठलाही उपाय नाही.

मऊ, कोरड्या सुती कापडाने वरची धूळ टिपून घ्या. तेवढं पुरे.

उजेड बदला

शिक्का दिसत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी पुष्कळांना शिक्का पाच मिनिटांत दाखवता येतो, आणि त्यात माझं काही कौशल्य नाही. समोरून पडणारा उजेड चकाकतो आणि खाच बुजवून टाकतो. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च झाकणाच्या पातळीला, अगदी आडवा धरा आणि हळूहळू गोल फिरवा. एका ठरावीक कोनात सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा, चारही बाजूंनी उजेड टाकून चार फोटो. मग फोटो काळा-पांढरा करून, उलट रंगांत पाहा. झाकणात एखादी रेघ आहे की अक्षराचा पाय आहे, हे यात बऱ्याचदा स्पष्ट होतं.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग काही शे रुपयांत मिळतं. पॉकेट वॉचवरचे स्विस शिक्के एक-दोन मिलिमीटरचे असतात. भिंगाशिवाय त्यातलं अस्वल डुकरासारखं दिसतं आणि पक्ष्याचा नुसता ठिपका दिसतो.

फोटो काढताना शिक्क्याभोवतीची चौकटही येऊ द्या. लोक फक्त अक्षर टिपतात. चौकट ढालीसारखी आहे, अंडाकृती आहे की कोपरे कापलेली, याला अक्षराइतकंच महत्त्व आहे. ते का, ते पुढे येईल.

झाकण उघडताना

मागचं झाकण तीन प्रकारचं असतं. बिजागरीचं असेल तर कडेला कुठेतरी, बहुधा चावीच्या जवळ किंवा सहाच्या बाजूला, नख शिरेल असा बारीक ओठ असतो. तिथेच नखाने उचला. स्क्रूचं असेल तर ओठ नसतो, बिजागरी नसते. दोन्ही तळव्यांत घड्याळ धरून झाकण डावीकडे फिरवा, पकड बसत नसेल तर रबरी हातमोजे घाला. तिसऱ्या प्रकारात मागचं झाकण उघडतच नाही. पुढची काच चौकटीसकट फिरवून काढायची आणि मशीन समोरून बिजागरीवर बाहेर येतं. हा प्रकार अमेरिकन घड्याळांत दिसतो.

पुढेही झाकण असेल तर ते चावीचं डोकं दाबून उघडतं. बंद करतानाही डोकं दाबूनच बंद करा. खटकन लावायची सवय असते, त्याने आतला खटका झिजतो आणि एक दिवस झाकण बसेनासं होतं.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर, नेलकटरचं टोक यातलं काही वापरू नका. हात सटकला की टोक थेट बॅलन्सवर, म्हणजे मशीनमधल्या नाजूक डुलत्या चाकावर, जातं. नखाने आणि तळव्याने उघडलं नाही तर तिथेच थांबा, ते काम घड्याळवाल्याचं. आमच्याकडे त्यासाठी बोथट पात्याची सुरी असते आणि दोन मिनिटांचं काम असतं.

मागच्या झाकणाखाली आणखी एक आतलं झाकण निघेल. शिक्के बहुधा बाहेरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, आणि शब्द या आतल्या झाकणावर असतात.

नाव नसलेले शब्द बाजूला काढा

इथे पुष्कळ जण अडकतात. स्विस घड्याळांच्या आतल्या झाकणावर फ्रेंचमध्ये घड्याळाचं वर्णन कोरायची पद्धत होती. आपण इंग्रजी वाचतो तशीच अक्षरं लावून लिहिते, म्हणजे तुम्हाला जुळवता येईल.

"रेमॉन्टॉइर" ही कंपनी नाही. त्याचा अर्थ घड्याळाला वेगळी किल्ली लागत नाही, वरच्या डोक्यानेच चावी देता येते. "अँक्र" म्हणजे लिव्हर पद्धतीचं मशीन, "सिलिंड्र" म्हणजे त्याहून जुनी आणि स्वस्त पद्धत. "१५ रुबिस" म्हणजे पंधरा ज्वेल, मशीनमध्ये बसवलेले बारीक खडे. "स्पायरल ब्रेग्वेट" हा बालकमानीचा, म्हणजे मशीनमधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा, प्रकार, ब्रेगे कंपनीचं घड्याळ नव्हे. यावरून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत. "ब्रेव्हेट" म्हणजे पेटंट, आणि त्याच्यापुढे बारीक क्रॉस आणि आकडा असेल तर तो स्विस पेटंटचा क्रमांक. "डिपोझे" म्हणजे नोंदणीकृत. पदकांची चित्रं आणि पॅरिसच्या प्रदर्शनाची सालं असतील तर ती पदक मिळाल्याची सालं आहेत. घड्याळ त्यानंतर केव्हाही बनलेलं असू शकतं.

दोन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण त्यांच्यावर पैसे ठरतात. "क्युव्हेट मेटल" म्हणजे हे आतलं झाकण साध्या धातूचं आहे. बाहेरची केस चांदीची असली तरी. "असिएर गॅरंटी" म्हणजे सगळी केसच पोलादाची, काळवंडवलेली. ती चांदी काळी पडली आहे असं समजून घासलं की पोलाद उघडं पडतं आणि एका पावसाळ्यात गंजतं.

"रॉसकॉफ" हा शब्द आपल्याकडे फार सापडतो, बऱ्याचदा इंजिनाच्या चित्राबरोबर. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ यांनी १८६७ च्या सुमारास कष्टकऱ्यांना परवडावं म्हणून कमी भागांचं घड्याळ बाजारात आणलं. ते इतकं चाललं की नंतर कितीतरी कारखान्यांनी तीच रचना उचलली आणि नावाचं स्पेलिंग थोडं बदलून लावलं. म्हणून "रॉसकॉफ पद्धत" असं लिहिलेलं दिसलं तर ती रचना समजा, निर्माता नव्हे.

प्राणी, पक्षी आणि आकडे

ही चित्रं निर्मात्याची नसतात. ती धातूची आहेत, आणि ती आधी सोडवली की देश कळतो. देश कळल्याशिवाय अक्षरं शोधणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

स्वित्झर्लंडच्या १८८० च्या कायद्यानंतर हे ठरलं: उभं अस्वल म्हणजे ०.८७५ चांदी, रानकोंबड्यासारखा पक्षी म्हणजे ०.८००. एक मोठं आणि दोन लहान अशी तीन अस्वलं दिसली तर ०.९३५. हा दर्जा ब्रिटनच्या ०.९२५ पेक्षा मुद्दाम वर ठेवलेला होता, तिथे माल अडू नये म्हणून. बाईचं डोकं म्हणजे ०.७५० सोनं, खार म्हणजे १४ कॅरेट. चंद्रकोर आणि मुकुट शेजारी असतील तर तो जर्मनीचा चांदीचा शिक्का, १८८८ पासूनचा. तो स्विस घड्याळांवरही असतो, कारण माल जर्मन बाजारासाठी बनलेला असायचा.

ब्रिटिश शिक्क्यांची रांग असते. एक पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे ९२५ चांदी. मग गाव: बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, तीन गव्हाच्या पेंढ्यांमध्ये तलवार ही चेस्टरची. मग वर्षाचं एक अक्षर. आणि शेवटी आद्याक्षरं.

१ जून १९०७ पासून परदेशी केससुद्धा ब्रिटनमध्ये तपासून घ्यावी लागायची, आणि त्यांच्यासाठी सिंहाऐवजी .९२५ हा आकडा आणि वेगळी गावचिन्हं ठरली. बर्मिंगहॅमचा त्रिकोण, चेस्टरची दोन पानांसह ओकची बी, लंडनची उलट्या घोड्याच्या नालेसारखी खूण. म्हणजे घड्याळ स्विस आणि शिक्का ब्रिटिश, यात काहीच खोटं नाही.

आपल्याकडे याची उलट बाजूही तितकीच पाहावी लागते. मुंबई बंदरात थेट स्वित्झर्लंडहून माल उतरायचा. फाव्र-ल्युबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी ही नावं मुंबईत रुजलेली होती. जे घड्याळ ब्रिटनमध्ये गेलंच नाही त्याच्यावर ब्रिटिश शिक्का येणार कुठून? म्हणून "हॉलमार्क नाही म्हणजे नकली" असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. वेस्ट एंडच्या घड्याळांत मशीन बऱ्याचदा लाँजिन या स्विस कंपनीचं असतं, हेही या चार खुणांच्या गोंधळाचं चांगलं उदाहरण आहे.

आद्याक्षरं: इथे घाई केली की फसगत होते

ब्रिटिश रांगेतली आद्याक्षरं म्हणजे ज्याने ती केस तपासणी कार्यालयात सादर केली त्याची. तो केस बनवणारा असेल, आयात करणारा असेल, कंपनीचा लंडनमधला माणूस असेल. मशीन त्याने बनवलं असा याचा अर्थ होत नाही.

"ए. एल. डी." फार दिसतात. ते एरन लफकिन डेनिसन, बर्मिंगहॅमची डेनिसन केस कंपनी. या केसमध्ये अमेरिकेच्या वॉल्थमपासून अनेक कंपन्यांची मशीनं बसवलेली असतात. "जी. एस." ही जॉर्ज स्टॉकवेल यांची. ते आयात-वाहतुकीचे एजंट होते, १९०७ नंतर असंख्य स्विस केस त्यांच्या नावाने तपासून घेतल्या गेल्या. "डब्ल्यू अँड डी" दिसलं की लोकांचा चेहरा फुलतो, कारण विल्सडॉर्फ आणि डेव्हिस हीच पुढे रोलेक्स नावाने गाजलेली पेढी. आनंद जरूर करा, पण त्या पेढीने इतर नावांची साधी घड्याळंही विकली आहेत. केसमधल्या तीन अक्षरांवर किंमत ठरवू नका.

आता "ए. बी." घ्या. वॉल्थम कंपनीचे लंडनमधले व्यवस्थापक आल्फ्रेड बेडफर्ड यांची अक्षरं ए. बी. लाँजिनचे लंडनमधले एजंट बॉम अँड कंपनी, त्यांचे आर्थर बॉम यांचीही अक्षरं ए. बी. एक घड्याळ अमेरिकेचं, दुसरं स्वित्झर्लंडचं, शिक्का ऐकायला सारखाच. फरक चौकटीच्या आकारात, अक्षरांमधल्या टिंबात, शेजारच्या गावचिन्हात आणि अर्थातच मशीनमध्ये. म्हणून मी वर चौकट फोटोत घ्या म्हटलं. नुसतं "ए. बी. म्हणजे कोण?" असं फोनवर विचारलं तर मी उत्तर देत नाही, फोटो मागते.

वर्षाच्या अक्षराचंही तसंच आहे. लंडनची मालिका वीस अक्षरांची, दर वीस वर्षांनी नवी: १८७६, १८९६, १९१६. बर्मिंगहॅमची जवळजवळ पंचवीसची: १८७५, १९००, १९२५. तोच "ए" कुठल्या गावचा आणि कुठल्या वळणाचा आहे त्यावर पन्नास वर्षांचा फरक पडतो. शिवाय अक्षर बदलायचं ते जानेवारीत नाही, वर्षाच्या मध्ये. त्यामुळे एक अक्षर दोन सालांना लागू होतं. सुरुवातीच्या काळात मी एका झाकणातला इंग्रजी "एन" उलटा धरून "यू" वाचला आणि घरच्यांना चुकीचं साल सांगितलं. नंतर फोन करून दुरुस्त केलं. तेव्हापासून आधी सिंहाचे पाय खाली आहेत ना हे पाहते, मग अक्षराकडे वळते.

तपासणीची एक चांगली सवय: दोन्ही झाकणांतला केस नंबर जुळवून पाहा. पुष्कळदा एका झाकणात पूर्ण नंबर आणि दुसऱ्यात शेवटचे आकडे असतात. जुळत नसतील तर एक झाकण कधीतरी बदललेलं आहे, आणि तुम्ही दोन वेगळ्या घड्याळांचे शिक्के एकत्र वाचत आहात.

सोनं की सोन्याचा पत्रा

अमेरिकन आणि डेनिसन केसमध्ये हा प्रश्न येतोच. टिकण्याची वर्षं दिलेली असतील, १०, २०, २५, तर ते भरीव सोनं नाही. दोन सोन्याच्या पत्र्यांमध्ये दुसरा धातू दाबून केलेली केस आहे. अमेरिकेत जेम्स बॉस यांनी १८५९ मध्ये अशा केसचं पेटंट घेतलं, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या कीस्टोन कंपनीच्या केसवर बॉस हे नाव दिसतं. डेनिसनच्या केसमध्ये तारा, चंद्र, सूर्य असे दर्जे आहेत. तेही पत्र्याचेच. "सिल्वरॉइड", "सिल्वराइन", "सिल्वरोड" या नावांत चांदी आहे, केसमध्ये नाही, ते निकेलचं मिश्रण आहे.

फुकटची खात्री अशी करा: कडीच्या आतली बाजू, जिथे साखळी घासते, आणि बिजागरीची कड भिंगातून पाहा. तिथे पत्रा झिजून खालचं पितळ डोकावतं. १५ आणि .६२५ असा ब्रिटिश शिक्का असेल तर मात्र ते खरं १५ कॅरेट सोनं, आणि १९३२ किंवा त्याआधीचं, कारण तो दर्जा त्या वर्षी बंद झाला.

चुंबकाची चाचणी करू नका. सगळीकडे ती सुचवतात. पोलादाची केस ओळखण्यापलीकडे त्यातून काही कळत नाही, आणि बालकमानीत चुंबकत्व शिरलं की घड्याळ पुढे धावायला लागतं. मागे चुंबक असलेल्या मोबाइलच्या कव्हरपासूनही घड्याळ लांब ठेवा.

मालकाच्या आणि कारागिराच्या खुणा

कळव्याहून एक काका आले होते. निकेलची केस, पांढरी डायल, मागे ठसठशीत इंग्रजी अक्षरं: जी. आय. पी. आर., खाली एक आकडा. नातवाने महिनाभर या नावाची घड्याळ कंपनी शोधली होती. मी विचारलं, "काका, तुमचे आजोबा रेल्वेत होते का?" ते म्हणाले, "गार्ड होते. पण तुम्हाला कसं कळलं?" ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आणणारी तीच. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वे झाली, म्हणजे ही अक्षरं त्याआधीची. खालचा आकडा रेल्वेच्या मालमत्तेच्या नोंदीचा. कंपनीचं नाव त्या घड्याळावर कुठेच नव्हतं, मशीनवर फक्त "स्विस". तरी काका ते घड्याळ छातीशी धरून बाहेर पडले. बनवणारा सापडला नाही, पण ते आजोबांचंच होतं हे त्या मागच्या अक्षरांनी सांगितलं होतं.

दुसरी खूण सुईने ओरखडलेली असते. झाकणाच्या कडेला बारीक, हाताने कोरलेले आकडे. शिक्का दाबून उठवलेला असतो, त्याच्या कडा सरळ आणि खोली सारखी. ओरखडा वेडावाकडा असतो. तो दुरुस्ती करणाऱ्याचा: तारीख, नोंदवहीतला क्रमांक, आद्याक्षर. गेल्या वर्षी पाचपाखाडीतल्या एकांनी "हा मेकर्स नंबर कुणाचा?" म्हणून झाकण दाखवलं. टॉर्च आडवा धरला, आणि १२-७-८१ असं दिसलं, सातला मधे आडवी रेघ. सातला तशी रेघ बाबा द्यायचे. जुनी वही काढली, त्या तारखेला त्याच आडनावाची नोंद होती: बालकमान सरळ केली, तेल दिलं.

मशीन पाहा

एवढं करूनही निर्माता कळला नसेल तर केस सोडा आणि मशीनकडे वळा. आतलं झाकण उघडून फक्त पाहायचं, बोट लावायचं नाही. वॉल्थम, एल्जिन यांसारख्या अमेरिकन घड्याळांत नाव आणि नंबर मशीनवर ठळक असतो, आणि वर्ष त्याच नंबरवरून ठरतं. अमेरिकेत मशीन आणि केस वेगवेगळी विकली जायची, सराफ गिऱ्हाइकाच्या पसंतीने बसवून द्यायचा. म्हणूनच केसचा नंबर टाकला की भलतं वर्ष येतं. स्विस मशीनवर एखादं बारीक चिन्ह शोधा, जसं पंख असलेलं वाळूचं घड्याळ, ते लाँजिनचं.

पुष्कळ स्विस मशीनांवर वरून काहीच नसतं, खूण डायलखाली असते. ती पाहायची तर काटे आणि डायल काढावी लागते. इनॅमलची डायल नखाएवढ्या दाबानेही तडकते. हे घरी करू नका.

इथे थांबा आणि माणसाकडे जा

झाकण नखाने उघडत नसेल. डायल काढायची वेळ आली असेल. केसवर रंगीत मीनाकारी असेल, तिला ओलं कापडसुद्धा नको. काट्यांवर किंवा आकड्यांवर पिवळट-तपकिरी, भुसभुशीत रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नसला तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. अशा घड्याळाची काच काढू नका, रंग खरवडू नका, पिशवीत बंद करून आणा आणि हात धुवा.

विकायचं किंवा वाटणी करायची असेल तर धातूची खात्री सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात करून घ्या, पण दोन गोष्टी आधी स्पष्ट सांगा. कसोटीवर घासायचं नाही, निदान शिक्क्याजवळ तर नाहीच. आणि एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणारं मशीन, फक्त वरच्या थराचं मोजतं, म्हणून पत्र्याच्या केसवर ते सोनं दाखवेल. त्या आकड्याला शिक्क्याची आणि झिजलेल्या कडांची जोड हवी. मशीनसकट वजन करून मोडीचा भाव सांगितला तर घड्याळ उचला आणि घरी या.

ओळख पटवण्यासाठी परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, आणि तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा संबंध येतो. फोटो पाठवून बहुतेक काम होतं.

दुकानात येणार असाल तर एवढे फोटो घेऊन या: डायल, दोन्ही झाकणांच्या आतल्या बाजू आडव्या उजेडात, शिक्क्यांची पूर्ण रांग चौकटींसकट, आतल्या झाकणावरचे शब्द, मशीन, आणि कडीची झिजलेली बाजू. घड्याळ मऊ कापडात गुंडाळून आणा, पॉलिश न करता.